शेवटच्या खोक्यातली ओटी

आमच्या पॅकहाउसच्या भिंतीवर एक पाटी आहे. ‘पिकलेलं फळ, कोणतंही, आत आणू नये.’ अक्षर माझं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं, तेच गोल गोल अक्षर. नव्याने कामाला आलेल्या बाईला मी आधी त्या पाटीखाली उभी करायचे आणि गोष्ट सांगायचे. एक म्हातारी होती, देवभोळी होती. समुद्रापलीकडे जाणाऱ्या केळ्यांच्या खोक्यात तिनं ओटी म्हणून पिकलेली केळी ठेवली आणि सगळा कंटेनर वाया गेला. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग मी हात धुवायची जागा दाखवायचे आणि काम सुरू व्हायचं.

चार वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. ती म्हातारी माझी सासू होती, हे सांगत नव्हते. जुन्या बायकांना ते माहीतच होतं. आणि गोष्ट खोटी आहे, हेही सांगत नव्हते.

सिद्धेश्वर धरणाचा कॅनॉल आमच्या शेताच्या अंगाने जातो. त्या पाण्यावर आमच्याकडे केळी आली. मी हिंगोलीची, वडील कचेरीत कारकून. माझं बी.एस्सी. झालं आणि लग्न होऊन मी इथं आले तेव्हा केळीचा खांब दर वेळी तोडून टाकतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. सासूबाईंना मी मामी म्हणायचे. माझा नवरा दहा वर्षांचा असताना मामींचे मालक गेले. तेव्हापासून केळी त्यांनीच सांभाळली. पाणी द्यायला त्या स्वतः जायच्या, घड मोजायच्या, व्यापाऱ्याशी भांडायच्या. उंच, वाळकी बाई. बोलणं कमी आणि जे बोलायच्या ते ऐकणाऱ्याला आठवडाभर पुरायचं.

तेव्हा माल शहरातल्या एका मुसलमान व्यापाऱ्याकडे जायचा. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांची केळी पिकवायची खोली होती, दाराला गोणपाट लावलेलं. मामी कधी घडांबरोबर टेम्पोत बसून शहरात गेल्या की चाचा त्यांना ती खोली दाखवायचे. “एक पिकली ना माँ, के सगळ्यांना खबर देती,” असं ते म्हणायचे. म्हणून कच्च्या मालात एखादं पिकायला फिरलेलं केळ दिसलं की आधी ते बाहेर. मामींनी ते असं काही मनावर घेतलं होतं की घड नुसता नाकाशी नेला तरी त्यांना कळायचं. डोळ्याला हिरवंगार दिसणारं केळ त्या वेगळं काढून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच पिवळं पडलेलं असायचं.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने आणि त्याच्या चुलतभावांनी मिळून कॅनॉलच्या कडेला पत्र्याचं पॅकहाउस उभं केलं. माल आता परदेशी जाणार होता. निर्यात करणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन सगळं समजावून गेला. फण्या कशा सोडवायच्या, चीक कसा गळू द्यायचा, तुरटीच्या पाण्यात कशा धुवायच्या, फोम लावून खोक्यात कशा बसवायच्या. माल तपासायला एक शिकलेलं माणूस लागेल, त्यानं आठ दिवस पुण्याला शिकायला जावं, असं तो म्हणाला. शेत सोडून आठ दिवस जायला कोणी पुरुष तयार होईना. नवऱ्यानं माझं नाव पुढं केलं.

“बाईच्या हाताखाली माल जायचा का आता?” थोरला चुलतदीर म्हणाला.

आतून मामींचा आवाज आला, “जेवता कोनाच्या हातचं तुमी? तवा बरं न्हाई इचारत.”

मी गेले. वही भरून घेऊन आले. त्या वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे, पिकलेलं फळ मालाजवळ आणू नये, खाली दोन रेघा ओढून. ती वही अजून आहे. मी ती उघडत नाही.

पॅकहाउसात पाच टेबलं. चार नंबरच्या टेबलावर मामी बसायच्या. घरच्या मालकीणबाईनं मजूर बायकांत बसू नये असं कोणी म्हणालं तर त्या म्हणायच्या, “म्या माल पाहून राहिले, तोंडं न्हाई.” प्रत्येक खोक्यावर टेबलाचा नंबर मारायची पद्धत मीच घातली होती, माल खराब निघाला तर कुणाच्या हातून गेला ते कळावं म्हणून. परदेशी गाडी लागायच्या आधी आम्ही दिल्लीकडचा माल भरायचो, त्यात चार नंबरचं खोकं कधीच परत फिरायचं नाही. मी कागदावर शिकून आले होते, त्या जन्मभर शिकल्या होत्या, आणि त्या मला सगळ्यांदेखत ‘साहेब’ म्हणायच्या. चेष्टाच ती. पण मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पहिला कंटेनर आला तो दिवस मला नीट आठवतो. सकाळपासून भरणं चाललं होतं. कंटेनरच्या तोंडाशी गार करायचं यंत्र गरगर करत होतं आणि गावातली माणसं दाराजवळ हात नेऊन गारवा पाहत होती. माल कुठल्या देशात जाणार हे मी दहादा सांगितलं, पण आमच्या बायकांना समुद्रापलीकडचं सगळं दुबईच. दुपारी तीनच्या सुमाराला पुरुषांनी गाडीपुढं नारळ फोडला, हार घातला, फोटो काढले, आणि ड्रायव्हरला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेले. आत बायका, मी आणि चढवायची शेवटची काही खोकी राहिली.

मामींनी मला खोक्यांच्या थप्पीमागं बोलावलं. हातात एक हिरवा खण होता, बुट्टीदार, त्यांच्या ट्रंकेतला. सोडून दाखवला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा, खारीक. आणि पाच पिकलेली केळी, परसातल्या आमच्या खांबाची, गव्हाच्या कणगीत पिकवलेली. साल पातळ झालेली, वास सुटलेला.

“पोरी, ह्याची ओटी भर,” त्या म्हणाल्या.

“कुणाची?”

“ह्याची गं. मालाची. मला लेक न्हाई. व्हती ती चार दिवसांची गेली, तुला ठावं न्हाई ते. इतकं लेकरावानी वाढवलं, आता समुद्रापार चाललं. रिकामी कशी धाडू? म्या भरली असती, पन मला भरता येत न्हाई. तू सवाशीण हायेस. तू भर.”

सहा वर्षं त्या घरात होते मी. मामींनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. त्यांची मुलगी झाली होती आणि गेली होती, हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी खण हातात घेतला.

तरी त्यांनीच थांबवलं मला. “काही व्हत न्हाई ना पन? चाचा म्हणायचा, एक पिकली की सगळ्यांना खबर देती. कच्च्या फळानं ओटी भरत न्हाईत म्हणून ही आणली म्या. तू शिकलेली हायेस, तू सांग.”

इथं मी नाही म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. मामींनी हट्ट केला नसता. त्या खण गुंडाळून घरी गेल्या असत्या. पण शिकलेल्या माणसाला ‘ठाऊक नाही’ म्हणायला जड जातं. मी म्हणाले, “मामी, चाचांची ती बंद खोली, उबेची. हे गार यंत्र आहे. तेरा डिग्रीत काही होत नाही. पाच केळ्यांनी काय होतंय?”

“बराबर?”

“बराबर.”

चार नंबरच्या टेबलावरचं एक भरलेलं खोकं मी पुढं ओढलं. त्याची प्लास्टिकची पिशवी अजून बंद केलेली नव्हती. केळ्यांना हळदीकुंकू लावलं, खणाची गाठ बांधून वर ठेवली. पाचही टेबलांवरच्या बायका उभ्या राहून पाहत होत्या. एकीनं हळूच दोन ओळी म्हटल्या, पोरगी सासरी निघताना म्हणतात त्या. मामी लांब उभ्या होत्या, हात मागं बांधून, आपला हात लागू नये म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. बाकीच्या सगळ्या खोक्यांतल्या पिशव्यांची हवा आम्ही यंत्रानं ओढून घेतो. ह्या खोक्याची मी ओढली नाही. गाठ दबली असती. ओटीतलं माघारी ठेवून घ्यायचं नसतं, म्हणून नुसती दाखवून काढून घ्यावी हेही कुणाच्या मनात आलं नाही. झाकण लावलं, पट्टी चिकटवली. ते खोकं सगळ्यात शेवटी चढलं, दाराला लागून.

पुरुष चहा पिऊन आले. नवऱ्यानं दार ओढलं, सील लावलं. गाडी कॅनॉलच्या रस्त्यानं औंढ्याकडं निघाली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मामी बघत राहिल्या.

अठरा-एकोणीस दिवसांनी फोटो आले. दुपारची वेळ होती, आम्ही दिल्लीकडचा माल भरत होतो. नवरा फोन हातात घेऊन आत आला आणि तो टेबलावर ठेवला. दाराजवळची खोकी उघडलेली होती. आतली केळी पिवळी, काही काळी पडलेली. मधल्या खोक्यांतही कुठं हिरवं, कुठं पिवळं. तिथल्या खरेदीदारानं सगळा माल नाकारला होता. शेवटचा फोटो एका खोक्याचा होता. काळा चिकट लगदा, त्यावर लाल डाग, आणि हिरवा बुट्टीदार खण. खोक्याच्या कडेला चार आकडा.

पहिलाच कंटेनर होता तो. पाच घरांची केळी होती त्यात.

“कुनी ठेवलं हे?” नवऱ्यानं विचारलं. पण तो खण त्यानं ओळखला होता. तो चार नंबरच्या टेबलाकडंच बघत होता.

मी हातात वही धरून उभी होते. तोंड उघडलं होतं मी. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात थोरला चुलतदीर म्हणाला, “तरी म्या म्हनलं व्हतं, बाईच्या हाताखाली...”

“म्या ठेवली,” मामी म्हणाल्या. “साहेबाला ठावं न्हाई. म्या लपून ठेवली.”

मी तोंड मिटलं.

नवऱ्यानं आईला कधी वाकडा शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांदेखत तो म्हणाला, “माय, तुला अक्कल हाय का? खुळी झालीस काय? ऊठ. ऊठ तिथून. पुन्हा इथं पाय ठेवू नको.” मामी उठल्या. हात धुतले, चिकाचे डाग निघेपर्यंत नीट धुतले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बांधावरून घरी गेल्या. बायका खाली मान घालून फण्या धूत राहिल्या. त्यांच्यातली एकही बोलली नाही. पुरुषांनी तर विचारच केला नाही. त्यांच्या लेखी हळदकुंकू, खण, तांदूळ म्हणजे म्हातारीचा कारभार. ओटी कोण भरतं, कोण भरत नाही, हे पुरुषांना कुठं ठाऊक असतं?

संध्याकाळी मी चुलीपाशी गेले आणि रडायला लागले. “मी सांगते त्यांना,” म्हणाले.

“काय सांगशील?” मामी भाकरी थापत होत्या. “तुला काढतील तिथून. मग दुसऱ्या कोन्या बाईला बसवतील का त्या खुर्चीवर? माझं काय जातंय. म्हातारी खुळी झाली म्हणतील, म्हणू दे.”

“पण चूक माझी होती.”

“मागितलं म्या, भरली तू. अर्धी अर्धी. रडू नको. जाऊन काम नीट कर.”

ती अर्धी अर्धी नव्हती. त्यांनी विचारलं होतं आणि मी बराबर म्हणाले होते. त्यांनाही ते माहीत होतं. पण मी गप्प बसले, आणि आज लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते, की त्या रात्री मला झोप लागली. सुटले, असं वाटलं होतं.

नवरा आईशी बोलेनासा झाला. घर तेच, ताटं तीच, पण मामींनी वाढलेलं ताट तो बाजूला सारायचा आणि मला म्हणायचा, “तू वाढ.” मग मामी वाढायच्याच नाहीत. संध्याकाळी तो पॅकहाउसातून आला की त्या ओसरीतल्या खांबाला टेकून बसलेल्या असायच्या आणि विचारायच्या, “गाडी बराबर गेली का रं?” तो हातपाय धुवायला निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “गाडी बराबर गेली का रं?” एकही दिवस चुकला नाही. कधी गाडीच नसायची, तरी विचारायच्या. मी आतून म्हणायचे, “गेली मामी.” त्या माझ्याकडं बघायच्याही नाहीत. मला विचारलंच नव्हतं त्यांनी.

दुपारी त्या कॅनॉलच्या बांधावर येऊन बसायच्या, पॅकहाउस दिसेल अशा बेतानं, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. चार नंबरच्या टेबलावर दुसरी बाई बसली. एकदा तिथली तीन खोकी पिकायला लागलेली निघाली. मामी असत्या तर नुसत्या वासानं कळलं असतं त्यांना. नवऱ्यानंही ते मनात म्हटलं असावं, कारण तो उगाचच माझ्यावर खेकसला.

नऊ महिने गेले. थंडीत मामींच्या छातीत कफ भरला. औंढ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून हिंगोलीला. शेवटच्या दिवसांत एकदा वॉर्डात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, “आता तरी सांगू द्या.”

त्यांना दम लागत होता. “आता कशाला? त्याला दोनदा तकलीफ देशील.”

संध्याकाळी नवरा आला, पायाशी उभा राहिला. “कसं वाटून राहिलं?” एवढं त्यानं विचारलं. मामींनी डोळे उघडले. “गाडी बराबर गेली का रं?”

“झोप आता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दहाव्याला नदीवरून आल्यावर नवरा ओसरीत खांबाला टेकून बसला, त्याच जागी. म्हणाला, “माय केळीला इतकं जपायची. वासावरून सांगायची. तिनं असं काहून केलं असंल? मला काही समजत न्हाई.” त्या घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. इतकी सरळ वाट मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणाले, “थोडं खाऊन घ्या.”

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. आधीची हकिकत त्याच्या कानावर होती. हे पुन्हा होणार नाही याची खात्री काय, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, पाटी लावू, आणि नव्या प्रत्येक बाईला कारण समजावून सांगू. ती गोष्ट मीच जुळवली. पहिल्यांदा सांगताना आवाज फुटेना. तिसऱ्या-चौथ्यांदा बायका हसल्या, तेव्हा मीही हसले. पुढं पुढं म्हातारी कशी इकडंतिकडं बघत, पदराआडून खण काढते, हे मी हातांनी करूनही दाखवायचे. माझी मला आता किळस येते, पण करायचे. बायका पाटीला ‘म्हातारीचा नियम’ म्हणू लागल्या. नवरा ऐकायचा आणि बाहेर जायचा. पाचपन्नास कंटेनर गेले असतील. एकही परत फिरला नाही.

ह्या वर्षी पुसेगावकडची एक बाई कामाला आली. चाळिशीची. तिचा नवरा मागच्या वर्षी वारला आणि ती भावाकडं राहायला आली होती. त्या दिवशी कंटेनर लागलेला होता, माझा नवरा दाराजवळच्या वजनकाट्यावर खोकी मोजून घेत होता. मी तिला पाटीखाली उभी केली, गोष्ट सांगितली. ती हसली नाही.

“बाई, एक इचारू का?” ती म्हणाली. “ती म्हातारी सवाशीण व्हती?”

“नाही,” मी म्हणाले. विचार न करता म्हणाले.

“मग तिनं ओटी कशी भरली?” ती खरंच कोड्यात पडली होती. “माझ्या पुतणीचं लगीन झालं औंदा. मला ओटीच्या ताटाला हात लावू दिला न्हाई कुनी. म्यापण गेले न्हाई जवळ. आपल्यालाच नको वाटतं, लेकराचं वाईट व्हईल म्हणून. म्हातारीनं मालाला लेक मानलं, तर ती सोता कशी भरंल? सवाशिणीकडून भरून घेतली असंल तिनं. ती सवाशीण कोन व्हती?”

पाचही टेबलांवरचे हात थांबले. जुन्या बायकांपैकी एकीनंही माझ्याकडं पाहिलं नाही. आणि त्यांच्या त्या न पाहण्यावरून मला कळलं की सहा वर्षं ह्या मला बघत आल्या आहेत. उभ्या राहून ओटी भरताना बघितलेली मी, आणि नंतर हातवारे करून गोष्ट सांगणारी मी.

“मी,” मी म्हणाले. आवाज बारीक आला म्हणून पुन्हा म्हणाले, “मी भरली. मामींनी विचारलं होतं, काही होत नाही ना. मीच म्हणाले, काही होत नाही. त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.”

चार नंबरच्या टेबलावरची बाई पदरानं हात पुसत म्हणाली, “आमाला ठावं हाय की.”

“मग बोलल्या का नाहीत कधी?”

“म्हातारीनं शपथ घातली व्हती. त्या दिवशी आमी कामावरून सुटलो तवा बांधावर थांबली व्हती, आमाला म्हणाली, कुनी बोलायचं न्हाई. ती सोता सांगंल. तिला सांगू द्या.”

मामींनी मला ‘सांगू नको’ म्हटलं होतं, आणि ह्यांना ‘ती सांगेल’ म्हटलं होतं. दोन्ही त्यांनी मनापासून म्हटलं असणार. दवाखान्यात मी परवानगी मागितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय होतं, ते मी तेव्हा पाहिलंच नाही. मला नकार हवा होता, तो मिळाला होता.

मी दाराकडं वळले. नवरा काट्याजवळ उभा होता. खोकं काट्यावर होतं आणि त्यानं ते उतरवलं नव्हतं. किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. मी दोन पावलं पुढं गेले तर त्यानं हात वर केला, थांब म्हणून. मग ते खोकं उतरवलं, दुसरं ठेवलं. सगळा माल चढेपर्यंत तो तिथून हलला नाही. दार ओढलं, सील लावलं. गाडी निघाली. ती औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो उभा राहिला, आईसारखाच, हात मागं बांधून.

दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची सोडली. तिथं आता माझ्या हाताखाली शिकलेली एक बाई बसते. ह्या वेळी कोणी पुरुषानं काही म्हटलं नाही. थोरल्या चुलतदिरानंच तिला वही आणून दिली. पाटी तशीच आहे, गोष्ट मात्र आता पुसेगावची बाई सांगते, आणि खरी सांगते. मी असतेच तिथं. चार नंबरच्या टेबलावर बसते, घड नाकाशी धरून बघते. मला काही कळत नाही. हिरव्या केळीला मला तरी हिरवाच वास येतो.

नवरा रागावलेला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बोलत नाही. मी वाढलेलं ताट बाजूला सारत नाही, जेवतो, ताट उचलून मोरीत ठेवतो. पाच वाजता सुटून मी घरी येते, स्वयंपाक करते आणि मालाची गाडी रवाना करून तो येईपर्यंत ओसरीत बसते. मुद्दाम नाही, पण खांबाला टेकायला तीच एक जागा आहे. तो आला की मी विचारते, “गाडी बराबर गेली का?”

तो हातपाय धुवायला जातो. तीन महिने झाले. मामींनी नऊ महिने विचारलं होतं.